लक्षण ओळखा, मग मुलास बोला

२०२० साली शाळांना कुलपे लागली आणि चंद्रपूर-गडचिरोलीत जेथे लहरी पोहोचत होत्या तेथे धड्यांच्या निमित्ताने मोबाईल बालकांच्या हाती आला. शाळा उघडल्या; यंत्र मात्र अनेकांना सुटले नाही.

मूल किती तास बसते, एवढ्यावरून व्यसन ठरत नाही. थांबू म्हणता थांबवत नाही, खेळापुढे झोप, अभ्यास नि सवंगडी नकोसे होतात, नुकसान दिसूनही हात मागे येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगसूचीत संगणकीय खेळांच्या विकाराची हीच लक्षणे आहेत.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये सायंकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास पडदे बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. आपल्या वनप्रदेशानेही तो गिरवावा. मात्र भोंगा प्रथम वडीलधाऱ्यांच्या कानी पडावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.