शिकाऊ हातात कोणती मोटारसायकल?

दसरा आणि पाडवा हे दुचाकी खरेदीचे मुहूर्त. घरातला मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली, कॉलेज किंवा नोकरी लांब असली, की या सुमारास गाडीचा विषय निघतो. बोलणे बहुतेक तीन प्रश्नांभोवती फिरते: किती सीसीची, ॲव्हरेज किती आणि हप्ता किती. हे तिन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण नवख्या माणसाला ती गाडी सांभाळता येईल का, याचे उत्तर त्यांतल्या एकातूनही मिळत नाही.

हा प्रश्न घरानेच विचारायला हवा, कारण आपला कायदा तो विचारत नाही. मोटार वाहन कायद्यानुसार अठरा वर्षे पूर्ण झाली की गिअरच्या गाडीचा शिकाऊ परवाना मिळतो आणि ३० दिवसांनंतर चाचणी देता येते. पक्का परवाना हाती आला की त्यावर ९७ सीसीची स्प्लेंडर चालवता येते आणि हजार सीसीची रेसिंग बाइकही. ब्रिटनमध्ये आणि युरोपीय संघात परवान्याच्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर १२५ सीसी आणि ११ किलोवॉट, म्हणजे साधारण १५ अश्वशक्ती, ही मर्यादा असते. दुसऱ्या पायरीवर ती ३५ किलोवॉट होते, आणि त्यापुढची गाडी वय व अनुभव पाहूनच मिळते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. पहिल्या गाडीची निवड इतक्या गांभीर्याने करायची, ती यासाठी.

सीसी म्हणजे इंजिनातल्या सिलिंडरचे घनफळ. त्यावरून इंजिन केवढे आहे ते कळते, कसे वागेल ते कळत नाही. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० ही ३४९ सीसीची गाडी सुमारे २० अश्वशक्ती देते. पुण्याजवळ चाकणला तयार होणारी केटीएमची ३९० ड्यूक ३९९ सीसीची आहे आणि ती सुमारे ४५ अश्वशक्ती देते. घनफळातला फरक ५० सीसीचा, शक्तीतला दुपटीहून जास्त. पहिले इंजिन कमी फेऱ्यांवर भरपूर टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा पिळाचा जोर, मिळावा म्हणून बांधलेले आहे. दुसरे जास्त फेऱ्यांवर धावण्यासाठी बांधलेले आहे.

खरा अंदाज येतो तो शक्ती आणि वजन एकत्र पाहिल्यावर. स्प्लेंडरचे वजन ११२ किलो आणि शक्ती सुमारे ८ अश्वशक्ती. म्हणजे एका अश्वशक्तीच्या वाट्याला १४ किलो येतात. १९५ किलोच्या क्लासिकमध्ये हा वाटा सुमारे १० किलोंचा आहे. १६८ किलोच्या ड्यूकमध्ये तो चार किलोंहूनही कमी आहे. नवशिक्याच्या हातून क्लच एकदम सुटतो, गाडी पुढे झेपावते, शरीर मागे जाते आणि तोल सावरायला उजवी मूठ घट्ट धरली जाते. मूठ घट्ट धरताना ती आणखी पिळली जाते आणि वेग वाढतो. हलक्या शक्तीच्या गाडीवर ही चूक सावरायला क्षणभर सवड मिळते, जास्त शक्तीच्या गाडीवर तीही मिळत नाही.

वजनाचा त्रास मात्र वेगात कमी आणि थांबताना जास्त होतो. सिग्नलला, यू टर्न घेताना, सोसायटीच्या उतारावर गाडी मागे घेताना ती एका बाजूला कलते. ठरावीक कोनापलीकडे गेलेली जड गाडी एका पायाने रोखता येत नाही. म्हणून शोरूममध्ये सीटवर बसून दोन गोष्टी पाहाव्यात. दोन्ही पायांचे चवडे तरी जमिनीवर नीट टेकतात का, आणि बसल्या बसल्या पायांनी रेटून गाडी मागे नेता येते का. सीटची उंची कागदावर सारखी असली तरी रुंद सीटवर पाय फाकतात आणि जमीन दूर जाते, हे बसल्याशिवाय कळत नाही. बेताच्या उंचीच्या मुलींना अनेकदा ही परीक्षा न घेताच स्कूटरकडे वळवले जाते. ११० ते १२० किलोंची, ७८५ ते ७९० मिलिमीटर उंचीच्या सीटची मोटारसायकल त्यांच्यातल्या बहुतेकींना सहज पेलते.

सगळ्यांत कमी चर्चा होते ती ब्रेकची, आणि तिथेच सर्वांत जास्त लक्ष हवे. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद धरला, तर ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी तेवढ्यात ११ मीटर पुढे जाते आणि ६० च्या वेगाने सुमारे १७ मीटर. त्यानंतर प्रत्यक्ष थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट झाला की हे अंतर सव्वादोनपट होते.

ब्रेक लागला की गाडीचा आणि चालवणाऱ्याचा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके होते. त्यामुळे गाडी थांबवण्याचे बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो. ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, पडशील’ हा घरोघरी मिळणारा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. तो एकदम आवळला तर चाक जागीच अडकते आणि गाडी घसरते. क्रमाने दाबला तर तोच वाचवतो. एबीएस ही यंत्रणा चाक अडकू लागल्याचे ओळखून ब्रेकचा दाब सेकंदात अनेकदा सोडते आणि पुन्हा देते. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना ती सक्तीची आहे. १२५ सीसीपर्यंत सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागणारी जोडव्यवस्था, चालते. सीबीएस ब्रेकचा जोर वाटून देते, पण चाक अडकणे रोखत नाही. शिवाय १५०-१६० सीसीच्या अनेक गाड्यांत एबीएस फक्त पुढच्या चाकाला असते. पावसाने ओल्या झालेल्या डांबरावर किंवा पेव्हर ब्लॉकवर मागचे चाक घसरू नये, असे वाटत असेल तर दोन्ही चाकांना एबीएस असलेली गाडी मागावी लागते.

हे सारे पाहता, पहिली मोटारसायकल १०० ते १६० सीसीची आणि १५० किलोंच्या आतली असावी, असे आमचे मत आहे. गावातल्या किंवा शहरातल्या रोजच्या फेऱ्यांना १०० किंवा १२५ सीसी पुरते. ज्याला रोज महामार्ग किंवा घाट गाठायचा आहे त्याच्यासाठी १०० सीसी अपुरे ठरते, कारण एसटीला किंवा ट्रकला ओलांडायला लागणारा वेळ फार वाढतो. त्याने १५०-१६० सीसीची, एबीएसची गाडी घ्यावी. बुलेटचे महाराष्ट्राला असलेले वेड आम्हांला परके नाही, आणि तिची शक्ती नवशिक्यालाही झेपेल. अडचण वजनाची आहे. वर्षभर हलकी गाडी चालवून झाल्यावर ती घेतली तर तिचा खरा आनंद मिळेल.

पहिली गाडी एकदा तरी पडते, लिव्हर वाकते, इंडिकेटर तुटतो. त्यामुळे चांगली जुनी गाडी घेण्यात कमीपणा नाही. ती इंजिन गार असताना सुरू करून पाहावी. टायरवरच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, ते वाचावेत. आरसीवरचा चासी क्रमांक गाडीशी जुळवावा, कर्ज असेल तर बँकेचे ना हरकत पत्र मागावे आणि नाव बदलून घेण्यात दिरंगाई करू नये.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे त्याच हप्त्यात मोठी गाडी बसते, असा हिशेब आता घरोघरी होईल. वाचलेली रक्कम मोठ्या इंजिनात घालण्याऐवजी एबीएसमध्ये आणि हेल्मेटमध्ये घालावी. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे, म्हणून दोन घ्यावीत, आणि दोन्हींवर आयएसआय खूण असावी. ज्याने घालायचे त्यानेच दुकानात जावे, पट्टा लावून मागच्या कडेने ते वर ओढून पाहावे, आणि डोक्यावरून निघून आले तर त्याहून घट्ट बसणारे मागावे.