अस्सल बरहुकूम नक्कल

जुन्या मराठी दफ्तरांत कागदांचे दोन वर्ग असत : अस्सल आणि नक्कल. नक्कल मुळाशी ताडून पाहिली की तिच्यावर ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा पडे. मग नक्कल गावोगाव फिरे. अस्सल मात्र रुमालात बांधलेले जागच्या जागी राही. नक्कल हरवली तर दुसरी करता येई. अस्सलावरच खाडाखोड करून त्याची नक्कल बनविण्याचा विचार कोणा कारकुनाच्या मनास शिवला नसता.

काचेच्या पट्ट्यांवर छायाचित्रे घेणाऱ्यांनाही हा विवेक आपोआप लाभला होता. लाला दीनदयाळ हे नामांकित छायाचित्रकार आपल्या इंदुरातच घडले. १८६६ साली ते येथे बांधकाम खात्यात नोकरीस लागले आणि १८७४ च्या सुमारास छायाचित्रणाकडे वळले. दुसरे तुकोजीराव होळकर आणि सर हेन्री डेली यांचे त्यांना उत्तेजन मिळाले. त्यांच्या २,८५७ काचपट्ट्या १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळविल्या. काचपट्टीवरून कितीही प्रती काढा, पट्टी होती तशीच राहते. म्हणून शतकानंतरही तिच्यावरून नवी प्रत काढता येते.

संगणकाने ही काच आणि हा कागद एकाच फाइलीत आणून ठेवले आहेत. सोय मोठी झाली. पण अस्सल कोणते आणि नक्कल कोणती, हे आता आपले आपणच ध्यानात ठेवावे लागते. ते न ठेवल्यास काय होते, याचे उदाहरण आमच्या तुकोगंजातील एका परिचित घरी नुकतेच पाहावयास मिळाले. तेथील नातवाने मोठ्या हौसेने बडोदे, ग्वाल्हेर आणि देवास येथील नातलगांकडून जुनी छायाचित्रे मागवून घेतली, ती स्कॅन केली आणि ज्यांची त्यांना परत धाडली. पुढे परदेशातील आत्यांना ती पाठवावयाची, तर फाइली फार जड. तेव्हा त्याने साऱ्या फाइली एकाच आज्ञेने लहान केल्या. ‘जुन्या फाइलींवरच लिहू काय?’ या यंत्राच्या प्रश्नास त्याने ‘होय’ म्हटले. चित्रे आत्यांना पोहोचली, सर्वांना आनंद झाला.

काही महिन्यांनी पणजीबाईंची तसबीर मोठी करून लावण्याचे ठरले. त्यांचे एकुलते एक छायाचित्र म्हणजे एका मुंजीतील समूहचित्र. आणि ते ज्या अल्बमात होते, त्याला दरम्यानच्या पावसाळ्यात वाळवी लागली होती. उरली होती ती केवळ लहान केलेली फाइल.

हिशेब करून पाहू. सहा इंच बाय चार इंचांचे चित्र दर इंचास ६०० बिंदू घेऊन स्कॅन केले, तर ३,६०० गुणिले २,४००, म्हणजे ८६ लाख ४० हजार बिंदू होतात. त्याची लांबी ८०० बिंदूंवर आणली की उरतात सव्वाचार लाखांच्या आसपास; विसातला एक भाग. मागच्या रांगेतील ज्या मुखास मुळात रुंदीचे २०० बिंदू मिळाले होते, त्याला आता ४४ मिळतात. माणूस ओळखू येतो, पण नजर दिसत नाही. हल्ली असे चित्र मोठे व स्वच्छ करून देणारी साधने आहेत. परंतु गेलेले बिंदू त्यांनाही परत आणता येत नाहीत, ती अंदाजाने नवे भरतात. डोळे रेखीव उमटतील, पण ते पणजीबाईंचे असतील असे नाही.

पुसून टाकलेली फाइल निदान काही काळ कचरापेटीत तरी सापडते. वर लिहिली गेलेली फाइल बहुधा तेथेही जात नाही. दूरच्या साठवणीत आपोआप प्रत ठेवण्याची व्यवस्था असली, तर तीही इमानाने लहान चित्रच मोठ्याच्या जागी नेऊन ठेवते. काही सेवा जुनी आवृत्ती थोडे दिवस राखतात, म्हणून चूक ध्यानात येताच तेथे शोध घ्यावा. काही आज्ञावली तर विचारीतही नाहीत : इमेजमॅजिक या प्रसिद्ध संचातील ‘मॉग्रिफाय’ ही आज्ञा, वेगळी जागा सांगितली नाही तर, मूळ फाइलीवरच लिहिते.

ही हानी घरगुती मंडळींचीच होते असे नाही. १९६९ साली चंद्रावर प्रथम माणूस उतरला, त्या प्रसंगाच्या मूळ ध्वनिचित्रफिती पुढे पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असे अमेरिकेच्या नासा संस्थेने २००९ साली जाहीर केले. जग पाहते ती चित्रे दूरदर्शन प्रक्षेपणासाठी रूपांतरित केलेली, मुळाहून उणी आहेत.

उपाय साधा आहे. स्कॅन होताच सर्व फाइली ‘मूळ’ नावाच्या पेटीत ठेवाव्या आणि तिची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी. लहान करावयाच्या वेळी ‘पाठविण्यासाठी’ अशी दुसरी पेटी करून यंत्रास तीच जागा सांगावी. आधी दोनच चित्रांवर प्रयोग करून मूळ फाइलीचा आकार बदलला नाही ना, हे पाहावे. मगच शेकड्यांना हात घालावा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले चित्रही बहुधा लहान झालेले असते. ते मिळाले म्हणून मूळ पुसू नये. मूळच पाठवावयाचे असेल तर ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे.

परमुलखात वसलेल्या आपल्या घराण्यांची बखर कोणी लिहून ठेवलेली नसते. ती बहुधा अशाच समूहचित्रांच्या मागच्या रांगेत उभी असते. नकला खुशाल वाटाव्या, हव्या तितक्या लहान कराव्या. अस्सल तेवढे रुमालात बांधलेले असू द्यावे.