लायसन्स, परीक्षा आणि आपली नावं

अमेरिकेत रिअल इस्टेट एजंटचं लायसन्स त्या-त्या राज्यापुरतंच. जॉर्जियात राहणाऱ्या एजंटला फ्लोरिडाचं हवं असेल, तर तिथल्या कायद्यावरचे ४० प्रश्न. त्यातले ३० बरोबर यायला हवेत. कॅलिफोर्निया तर पूर्ण परीक्षाच घेतं. यात गैर काही नाही, कायदे वेगवेगळे आहेत.

पण आपली मंडळी अडकतात ती नोंदणीत. अर्जात मधलं नाव वडिलांचं, ओळखपत्रावर नवऱ्याचं! मग परीक्षेला बसूच देत नाहीत. अशा वेळी घाईने दुसरा अर्ज भरू नका, गुंता वाढतो. आधी राज्याच्या कार्यालयाकडून नाव दुरुस्त करून घ्या, मगच तारीख ठरवा.

राज्याने कायदा हवा तितका कडक तपासावा, पण मधल्या नावापायी कुणाची फी बुडू नये, असं आपलं मला वाटतं. तुम्हाला?