छतावरचा उजेड खाली उतरू द्या

नव्या फ्लॅटची किल्ली हातात पडते, सत्यनारायण अजून व्हायचा असतो आणि पीओपीवाला टेप घेऊन दारात हजर होतो. सोफा ठरलेला नसतो, पडदे ठरलेले नसतात, पुस्तकांचे कपाट कुठे जाईल याचा पत्ता नसतो. पण छताला किती पायऱ्या, कडेने प्रोफाइल लाइटची पट्टी कुठवर आणि मधल्या चौकोनात किती स्पॉट, हे मात्र दोन दिवसांत कागदावर उतरते. राहत्या खोलीची किमान उंची राष्ट्रीय इमारत संहितेने २.७५ मीटर, म्हणजे जेमतेम नऊ फूट, सांगितली आहे; बहुतेक बिल्डर त्याहून फार उदार होत नाहीत. त्यातला अर्धा-पाऊण फूट पीओपीत जातो. मग त्या बुटक्या छतातून बारा-पंधरा स्पॉट एकदम पेटतात आणि घर साडीच्या दुकानासारखे लखलखू लागते.

साडीच्या दुकानात तो उजेड योग्यच आहे. गिऱ्हाइकाला काठाचा रंग पारखायचा असतो. घरात माणसे बसतात, जेवतात, वाचतात, लोळतात. माथ्यावरून सरळ खाली पडणाऱ्या उजेडाने डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली सावल्या पडतात. समोर बसलेला पाहुणा रात्रभर जागरण करून आल्यासारखा दिसतो. भिंतीवरचे वारली चित्र, सावंतवाडीचा रंगीत चौरंग, आजीची पितळी डबी यांवर हा उजेड सारखाच सांडतो, त्यामुळे नजर कशावरच ठरत नाही. घर सजवण्याच्या खर्चातला पहिला वाटा छताला देण्याची ही रीत सोडून द्यायला हवी. आधी बसण्याच्या जागा ठरवाव्यात, मग त्या जागांच्या शेजारी दिवे, आणि पैसे उरलेच तर छत.

हे काही परदेशी मासिकातले खूळ नाही. जुन्या मराठी घरात दिव्याची उंची बैठकीवरून ठरत असे. माणसे पाटावर, सतरंजीवर बसत. म्हणून समई दीड-दोन फुटांची, जमिनीवर ठेवलेली. तिची ज्योत बसलेल्या माणसाच्या नजरेच्या जरा खालीच राही. भिंतीतल्या कोनाड्यात पणती ठेवली की कोनाड्याची पाठ आणि कडा उजळत, आणि ज्योत वाऱ्यापासून आडोशाला राही. लामणदिवा साखळीने टांगलेला असे. साखळीमुळे हवा तितका खाली घेता येई. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिव्यांचे दालन पाहताना ही सोय लक्षात येते. अशा दिव्यांच्या एका प्रकारात तर तेल पक्ष्याच्या पोटात साठवलेले असते. पणतीतले तेल कमी झाले की पोटातले थोडे एका छिद्रातून खाली उतरते. पातळी वर चढून छिद्र बुजले की आत हवा शिरेनाशी होते आणि तेल आपोआप थांबते. शोभेचा पक्षी फुकट बसलेला नाही, तो कामाला आहे.

पुढे घरात खुर्च्या आल्या, टेबल आले, माणूस दीड फूट वर सरकला. त्या हिशोबाने दिवाही दीड फूट वर यायला हवा होता. पण तेवढ्यात वीज आली आणि तिची वायर छताच्या मधोमध उतरली. एक होल्डर, एक बल्ब. त्यानंतर ट्यूबलाइट आली ती भिंतीच्या माथ्यावर चढली. आज त्याच एका बल्बचे पंधरा स्पॉट झाले आहेत, जागा तीच.

यात विजेचाही हिशोब चुकतो. उघड्या बल्बपासूनचे अंतर दुप्पट झाले की पडणारा उजेड चौपट कमी होतो. पुस्तकापासून आठ फुटांवर असलेला बल्ब दोन फुटांवर आणला, तर पानावर सोळापट उजेड मिळतो. म्हणजे खुर्चीशेजारचा एक लहान दिवा वाचणाऱ्याला जे देतो, ते देण्यासाठी छताला अख्खी खोली धुऊन काढावी लागते.

उजेडाच्या रंगाबद्दल तर बोलायलाच नको. तेलाच्या ज्योतीचा रंग साधारण १९०० केल्विनच्या आसपास असतो, जुन्या पिवळ्या बल्बचा २७०० आणि दुकानात ‘एलईडी द्या’ म्हटल्यावर न विचारता हातात पडणाऱ्या पांढऱ्या बल्बचा ६५००. हा आकडा खोक्यावर छापलेला असतो, पण वाचतो कोण? २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेने एलईडी स्वस्त केला, घरोघरी विजेचे बिल उतरले, हे मोठेच काम झाले. मात्र ६५०० केल्विनच्या उजेडाखाली सागवान राखाडी दिसते, पितळ फिकट दिसते आणि आमटी बेचव वाटते. २७०० किंवा ३००० चा एलईडी साधारण तेवढीच वीज खातो आणि बहुधा त्याच दुकानात, त्याच फळीवर मिळतो. मागावा लागतो इतकेच.

डेन्मार्कच्या पोल हेनिंगसेनला विजेच्या उजेडाचा हाच प्रश्न पडला होता. १८९४ मध्ये जन्मलेल्या या वास्तुरचनाकाराचे बालपण रॉकेलच्या दिव्यांत गेले, आणि त्यानंतर आलेला उघडा विजेचा बल्ब त्याला डोळ्यांत खुपू लागला. १९२०च्या दशकात त्याने एकाखाली एक अशा तीन टोप्यांचा दिवा केला. त्यांची वक्रता अशी मोजून बेतलेली, की बल्ब थेट डोळ्यांना दिसत नाही आणि उजेड टोप्यांवरून परतून मवाळ होत बाहेर पडतो. १९५८ मध्ये त्याने केलेला ‘पीएच ५’ आजही विकला जातो. जेवणाच्या टेबलावर तो इतका खाली टांगतात, की ताटे आणि माणसांचे चेहरे उजळतात आणि खोलीचे कोपरे अंधारात राहतात. आपल्या लामणदिव्याचेच काम. फरक इतका, की त्यांनी ते वीज आल्यावरही चालू ठेवले.

आपल्याकडे असे दिवे करणारे हात नाहीत, असे मुळीच नाही. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही तांब्यावर मठारकाम होते. भांड्याला आकार दिल्यावर कारागीर गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने ओळीने ठोके देत जातो. प्रत्येक ठोक्याने एक चकचकीत खळगा उमटतो, पत्रा आवळून कडक होतो आणि ठोक्यांची ओळ कुठे हलली की ती लगेच दिसते. असे तांबे दिव्याच्या टोपीला लावले की आतल्या शेकडो खळग्यांतून उजेड फुटून परततो. पाण्याचा बंब घरातून गेला म्हणून ही कला बसून राहण्याचे कारण नाही. हीच आळी दिव्याची टोपी ठोकून देऊ शकते, मागणारे हवेत.

दुसरे उदाहरण त्याहून जवळचे आहे. दिवाळीच्या आधी माहीमची कंदील गल्ली उजळते तेव्हा बांबूच्या कामट्या, खळ, पतंगी कागद आणि झिरमिळ्या यांतून जे तयार होते, ते दिव्याचे उत्तम आवरण असते. कागद बल्बचा तिखटपणा गाळून घेतो, कामट्या त्याला आकार देतात. जपानमध्ये गिफू शहराच्या कागदी कंदिलांचा धंदा मंदावला, तेव्हा शिल्पकार इसामू नोगुची याने १९५१ पासून त्याच बांबूच्या आणि तुतीच्या सालीच्या कागदाच्या कंदिलांना घरात वर्षभर टांगण्याजोगे रूप दिले. ते ‘आकारी’ दिवे आज जगभरच्या दिवाणखान्यांत दिसतात आणि कलासंग्रहालयांच्या दुकानांत विकले जातात. आपला आकाशकंदील मात्र तुळशीचे लग्न आटोपले की माळ्यावर जातो, आणि तो करणारा माणूस पुढचे दहा महिने दुसरे काहीतरी करतो.

जुन्या वस्तूंची हौस असलेल्यांनी एक मोह टाळावा. आजीच्या समईला भोक पाडून त्यातून वायर ओवण्याची टूम अधूनमधून निघते. समई अशाने दिवा होत नाही आणि समईही राहत नाही. जुन्या पितळेची किंमत त्या एका भोकाने उतरते, ती वेगळीच. समईत तेल-वात घालावी आणि विजेचा दिवा विजेचा म्हणून वेगळा घ्यावा.

घरातले आजोबा यावर तक्रार करतील, आणि त्यांची तक्रार खोटी नाही. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश उजेड पोहोचतो. त्यांना जास्त उजेड हवाच. पण तो हातातल्या पानावर, औषधाच्या चिठ्ठीवर आणि रात्री बाथरूमकडे जाणाऱ्या वाटेवर हवा. छतावरचे दहा स्पॉट वाढवून त्यांच्या डोळ्यांत चमक तेवढी जाते. स्वयंपाकाच्या ओट्यावर मात्र भरपूर उजेड हवा, आणि तोही वरच्या कपाटाच्या तळाशी लावलेला, म्हणजे भाजी चिरणाऱ्याची सावली त्याच्याच सुरीवर पडत नाही. दिव्यांवर धूळ बसते हे दुसरे गाऱ्हाणे. ते फॉल्स सीलिंगच्या खाचांनाही लागू आहे, आणि तिथे फडके पोहोचायला शिडी लागते.

खरी अडचण वेगळीच आहे. वायरमन भिंतीला झिरी मारताना विचारतो, ‘पॉइंट कुठे कुठे देऊ?’ आणि मालक टीव्ही, फ्रिज, एसी, गिझर अशी यादी सांगून मोकळा होतो. सोफ्याच्या दोन्ही टोकांना, वाचायच्या खुर्चीमागे, पलंगाच्या दोन्ही बाजूंना पाच अँपिअरचा एकेक पॉइंट, जेवणाच्या टेबलावर छतातून एक लोंबती वायर आणि यांतल्या दोन-तीन दिव्यांचे बटण दाराजवळ, एवढे त्या दिवशी सांगितले तर पुढचे सगळे जमते. प्लॅस्टर आणि रंग झाल्यावर हे सुचले तर एक्स्टेन्शन बोर्डाची वायर गालिच्याखालून न्यावी लागते. दिवा नंतर सावकाश घेता येईल, तांबट आळीतून किंवा गल्लीतल्या कंदीलवाल्याकडून. तोवर माळ्यावरचा कंदील उतरवून, त्यात २७०० चा बल्ब घालून, जेवणाच्या टेबलावर एक संध्याकाळ टांगून पाहायला काहीच खर्च येत नाही.