परगांवीं जातांना मोटार कोठें ठेवावी?

नोकरीनिमित्त महिना-दोन महिने परगांवीं जाणारा गृहस्थ मोटारीस कुलूप घालून निश्चिंत होतो. चोराचें भय त्यास ठाऊक असतें, भूमीचें नसतें. घाटकोपर पश्चिमेस १३ जून २०२१ रोजीं एका वसाहतीच्या आवारांत उभी असलेली मोटार पाहतां पाहतां विहिरींत बुडाली. विहिरीचा अर्धा भाग सिमेंटनें झांकून त्यावर रहिवासी गाड्या ठेवीत असत. पावसांत तो खचला. सुदैवानें आंत कोणी नव्हतें. तेव्हां वाचकहो, निघण्यापूर्वीं जुन्या रहिवाशांस ‘येथें पूर्वीं काय होतें?’ असें विचारावें. २६ जुलै २००५ चा पूर स्मरून सखल जागा टाळावी. दुसरी किल्ली घरांतील जबाबदार माणसाच्या हातीं देऊन आठवड्यांतून एकदां गाडी चालवावयास सांगावें. पाणी चढूं लागलें म्हणजे कुलूप कामास येत नाहीं. घरचें माणूसच येतें.