वीस गुणांचे वक्तृत्व

शालान्त परीक्षा जवळ आली, की लेखी उत्तरपत्रिकांच्या वेळापत्रकावर घरोघर चर्चा सुरू होते. तोंडी परीक्षेचा दिवस मात्र कधी आला आणि कधी गेला, हे पालकांना कळतही नाही. अंधेरी असो की मुलुंड, बोरिवली असो की घाटकोपर, त्या दिवशीचे वर्गातले दृश्य साधारणतः सारखेच असते. शिक्षक हजेरीपटावरून एकेक क्रमांक पुकारतात. विद्यार्थी उठतो, पाठ केलेला एक परिच्छेद आढ्याकडे पाहत घाईघाईने म्हणतो आणि मध्येच अडखळला की पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात करतो. दीड मिनिटात सारे आटोपते. ‘बस’ एवढा एकच शब्द ऐकून तो खाली बसतो आणि कागदावर सतरा किंवा अठरा गुण पडतात. तो काय बोलला हे कोणी ऐकलेले नसते. त्याला प्रश्न विचारावा असे कोणाला वाटलेले नसते. कारण हे बोलणे नव्हतेच. ती गुणांची खिरापत होती.

या खिरापतीवरून काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात मोठा वाद झाला होता. २०१८-१९ या वर्षी दहावीच्या भाषाविषयांतील अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण रद्द करण्यात आले. मार्च २०१८ च्या परीक्षेत राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. मार्च २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर घसरला. साहजिकच एकच ओरड झाली. अन्य मंडळांच्या विद्यार्थ्यांना अंतर्गत गुण मिळतात, मग अकरावीच्या प्रवेशात आमच्याच मुलांनी का मागे पडावे, हा पालकांचा प्रश्न होता आणि तो गैरवाजवी नव्हता. पुढील वर्षापासून ते २० गुण पुन्हा सुरू झाले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. अर्थात त्या वर्षी महासाथीमुळे भूगोलाची परीक्षाच रद्द झाली होती आणि तिचे गुण सरासरीने दिले गेले होते. तेव्हा त्या वाढीचे सारे श्रेय या वीस गुणांना देता येणार नाही.

परंतु त्या संपूर्ण वादात एक प्रश्न कोणाच्याच तोंडून निघाला नाही. मुलाला बोलता येते की नाही, हा तो प्रश्न. गुण काढणाऱ्यांना ते फुगवलेले वाटत होते आणि परत मागणाऱ्यांना ते टक्केवारीसाठी हवे होते. वीस गुण गेले तेव्हा वर्गात काही शिकवायचे थांबले नाही. ते परत आले तेव्हा काही नव्याने सुरूही झाले नाही. तोंडी परीक्षेची याहून मोठी नामुष्की ती कोणती?

बोलता न येण्याची किंमत परीक्षेत द्यावी लागत नाही, म्हणून ती नाही असे समजण्याचे कारण नाही. ती पुढे आयुष्यभर हप्त्याहप्त्याने द्यावी लागते. उपनगरातल्या कोणत्याही सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा पाहावी. नियमाप्रमाणे ती ३० सप्टेंबरच्या आत भरवावी लागते. अलीकडे बहुतेक जुन्या इमारतींत सभेपुढे एकच विषय असतो, तो म्हणजे पुनर्विकास. विकासकाने पाठवलेला माणूस पडद्यावर रंगीत चित्रे दाखवतो, सफाईने बोलतो, हशा मिळवतो. त्याच सभेत मागच्या खुर्चीवर एखादे निवृत्त शिक्षक किंवा कचेरीत तीस वर्षे फायली हाताळलेले एखादे कारकून बसलेले असतात. कराराचा मसुदा त्यांनी ओळीओळीने वाचलेला असतो. कोणते कलम रहिवाशांच्या मुळावर येणार आहे, हे त्यांना ठाऊक असते. ते उठतात, ‘दोन शब्द बोलतो’ म्हणतात, १९७० सालच्या पायाभरणीपासून प्रारंभ करतात आणि मुद्द्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच ‘काका, थोडक्यात’ असा पुकारा होतो. ते बसतात. ठराव मंजूर होतो. ज्याला माहीत होते त्याला सांगता आले नाही आणि ज्याला सांगता येत होते त्याला खरे सांगायचे नव्हते. राहत्या घराचा निर्णय अशा तऱ्हेने होऊ शकतो, इतके हे प्रकरण गंभीर आहे.

नोकरीच्या मुलाखतीत आणि महाविद्यालयाच्या मौखिक परीक्षेत याहून निराळे घडत नाही. ज्या पालकांना परवडते ते आपल्या मुलांना संभाषणकलेच्या खाजगी वर्गाला घालतात. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसांसह राहणाऱ्या मुलाला मोठ्याने बोलून पाहायलाही जागा नसते. त्याच्यासाठी शाळेचा वर्ग हीच एकमेव जागा आहे, आणि तेथे त्याला मिळतात दीड मिनिट व अठरा गुण.

आपल्याकडे वक्तृत्व ही दैवी देणगी मानण्याची प्रथा आहे. शंभरांत एखादा शूर, हजारांत एखादा पंडित, परंतु वक्ता दहा हजारांत एखादाच, अशा अर्थाचे सुभाषित प्रत्येक वक्तृत्व स्पर्धेच्या उद्घाटनाला ऐकावे लागते. वक्त्याचा गौरव करणाऱ्या या सुभाषिताने उरलेल्या नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवांना आळशी राहण्याची सवलत मिळवून दिली आहे. महाराष्ट्राच्या ज्या पिढीने सार्वजनिक जीवनाचा पाया घातला, तिची समजूत तशी नव्हती. १८४८ मध्ये मुंबईत ज्ञानप्रसारक सभा स्थापन झाली, ती शिकलेल्या तरुणांनी लोकांपुढे विषय मांडावेत म्हणून. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ पासून पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती चालवणाऱ्या संस्थेचे नावच मुळी ‘वक्तृत्वोत्तेजक सभा’ असे आहे. उत्तेजन ज्या गोष्टीला द्यावयाचे, ती गोष्ट प्रयत्नसाध्य असते, हे त्या नावातच गृहीत आहे. उपनगरांतही हा वारसा पोहोचला. पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघाची स्थापना १९२३ ची. अशा संस्थांच्या सभागृहांत दोन-तीन पिढ्यांनी व्याख्याने ऐकली. मात्र आपण ऐकणे जपले आणि बोलणे व्यासपीठावरच्या पाहुण्यांवर सोपवून मोकळे झालो.

प्रयत्नाने काय होते, याचे उदाहरण याच शहरात आहे. १८९१ साली बॅरिस्टर होऊन परतलेले मोहनदास गांधी मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात आपले पहिले प्रकरण चालवण्यास उभे राहिले. साक्षीदाराला एकही प्रश्न त्यांना विचारता आला नाही. भोवळ आल्यासारखे होऊन ते खाली बसले आणि घेतलेले तीस रुपये परत देऊन मोकळे झाले. त्याच शहरात, ८ ऑगस्ट १९४२ रोजी, गवालिया टँक मैदानावर ते बोलले तेव्हा सारा देश ऐकत होता. त्यांचा आवाज तेव्हाही वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळवील असा नव्हता. आपल्या संकोचाने आपल्याला शब्द काटकसरीने वापरण्यास शिकवले, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. दुसरे उदाहरण तर उपनगरातलेच. घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहणारे अण्णाभाऊ साठे शाळेत जेमतेम दीड दिवस गेले होते. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटन त्यांनी केले. त्या भाषणाचा उल्लेख आजही होतो, कारण काय सांगायचे आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते.

भाषणाच्या तयारीची पहिली पायरी हीच. आपल्याला जे सांगायचे आहे ते एका वाक्यात लिहून काढावे. ते वाक्य लिहिता येत नसेल, तर भाषणाला उभे राहू नये. या एका कसोटीवर आपल्याकडील निम्मी भाषणे रद्द होतील आणि श्रोते दुवा देतील.

त्या वाक्याभोवती रचना कशी करावी, हे शिकण्यासाठी परदेशी पुस्तके धुंडाळण्याची गरज नाही. नारदीय कीर्तन पाहावे. कीर्तनकार आरंभी एक पद घेतो. पूर्वरंगात त्याचे निरूपण करतो, शंका काढतो, दाखले देतो. उत्तररंगात एक आख्यान लावतो, म्हणजे जे तत्त्व सांगितले ते माणसांच्या आयुष्यात घडताना दाखवतो. आणि शेवटी पुन्हा मूळ पदावर येतो. ऐकणारी आजी निरक्षर असली, तरी घरी जाताना ते पद तिच्या ओठांवर असते. एक विधान, त्याची कारणे, एक घडलेली गोष्ट आणि पुन्हा तेच विधान: एवढी चौकट दहावीच्या विद्यार्थ्याला पुरेशी आहे आणि सोसायटीच्या सभेतल्या काकांनाही. पुनर्विकासाच्या सभेत त्यांनी ‘अमुक कलमामुळे आपल्याला भाडे कधीही बंद होऊ शकते’ या वाक्यानेच आरंभ केला असता, तर पायाभरणीचा इतिहास सांगण्याची पाळीच आली नसती.

दुसरी पायरी वेळेची. सावकाश व स्पष्ट बोलणारा माणूस मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द बोलतो. म्हणजे तीन मिनिटांत साडेतीनशे शब्दांचा ऐवज मावतो, त्याहून अधिक नाही. ज्याच्यापाशी हजार शब्दांचा मजकूर आहे त्याने वेग वाढवू नये. मजकूर कमी करावा. लिंकनचे १८६३ चे गेटिसबर्गचे भाषण अवघे पावणेतीनशे शब्दांच्या आसपास आहे. त्याच्या आधी त्याच व्यासपीठावर एव्हरेट नावाचे नामवंत वक्ते दोन तास बोलले होते. त्यांचे भाषण आज कोणाला आठवते?

तिसरी पायरी म्हणजे मोठ्याने केलेला सराव. मनात वाचलेले भाषण आणि तोंडाने बोललेले भाषण यांत नकाशा आणि रस्ता यांच्याइतके अंतर असते. सबंध मजकूर पाठ करण्याचा मोह टाळावा. पाठांतराची साखळी एका कडीपाशी तुटली की सारीच गळून पडते. आरंभाचे व शेवटचे वाक्य तेवढे पक्के करावे, मधले मुद्दे पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चार-पाच शब्दांत टिपावेत आणि घड्याळ लावून निदान तीनदा बोलावे. घरात जागा नसेल तर गच्चीवर जावे, मैदानाच्या कडेने चालत बोलावे. पडद्यावर चित्रे किंवा तक्ते दाखवायचे असतील तर जरूर दाखवावेत. मात्र पडद्यावरची वाक्ये श्रोत्यांकडे पाठ करून वाचून दाखवणे हा त्यांच्या साक्षरतेचा अपमान आहे.

प्रत्यक्ष बोलताना उपनगरातल्या वक्त्याला आणखी एक धडा आपोआप मिळतो. रुळांलगतच्या सभागृहात बोलत असताना जलद लोकल धडधडत जाते. नवखा वक्ता आवाज चढवतो. जाणता वक्ता थांबतो, गाडी जाऊ देतो आणि मग पुढचे वाक्य उच्चारतो. त्या थांबण्यात श्रोत्यांचे लक्ष विचलित होत नाही, उलट एकवटते. गाडी नसतानाही असे थांबता आले पाहिजे.

यावर एक आक्षेप संभवतो. देशात बोलणारे काय थोडे आहेत, की त्यांत शाळेने आणखी भर घालावी? वाचाळतेने आधीच कान किटले आहेत, ही तक्रार खरी आहे. परंतु पोकळ वक्त्यांचे फावते ते श्रोते मुके असतात म्हणून. ज्याने स्वतः तीन मिनिटांचे भाषण कष्टाने रचले आहे, त्याला दुसऱ्याच्या भाषणातली कारणांची उणीव चटकन दिसते, आणि उठून प्रश्न विचारण्याचे धैर्यही त्याच्या अंगी येते. वाचाळतेवर उतारा मौनाचा नसतो. तो तयारीने केलेल्या बोलण्याचा असतो.

तेव्हा त्या वीस गुणांचे सोने करणे शिक्षकांच्या हाती आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या वस्तीतील एखाद्या प्रश्नावर तीन मिनिटे बोलावे आणि वर्गाने त्याला दोन मिनिटे प्रश्न विचारावेत. साठ मुलांच्या वर्गाला यासाठी तीनशे मिनिटे लागतील, म्हणजे पस्तीस मिनिटांच्या सुमारे नऊ तासिका. वर्षभरात महिन्याला एक तासिका दिली तरी हे साधते. अभ्यासक्रम पुरा होत नाही ही शिक्षकांची अडचण आम्ही जाणतो. निवडणुकांपासून शिरगणतीपर्यंतची कामे त्यांच्याच माथी मारली जातात, हेही खरे. पण नऊ तासिकांच्या मोबदल्यात बोलणारी आणि ऐकणारी साठ मुले मिळत असतील, तर हा सौदा महाग नाही. उपनगरांतील व्याख्यानमाला चालवणाऱ्या संस्थांनीही प्रमुख वक्त्यापूर्वीची दहा मिनिटे एका विद्यार्थ्याला द्यावीत. समोरच्या पांढऱ्या केसांच्या श्रोत्यांना नवा आवाज ऐकायला मिळेल आणि त्या मुलाला भरलेले सभागृह म्हणजे काय ते कळेल.

हजेरीपटावरून क्रमांक पुकारला जातो आणि मुलगा उठून उभा राहतो, त्या क्षणी त्याच्या हाती आयुष्यात प्रथमच सभा आलेली असते. ‘बस’ म्हणण्यापूर्वी त्याला एक प्रश्न तरी विचारला गेला पाहिजे. तो प्रश्न आज वर्गात विचारला, तर उद्या सोसायटीच्या सभेत तो मागच्या खुर्चीवर गप्प बसणार नाही.