ओस स्थानकांचे वारसदार

आयर्लंडच्या वायव्येकडील डोनेगॉल परगण्यात डोंगर आणि दलदल यांतून वाट काढीत, तीन फुटी अरुंद रुळांवरून माणसांची नि मालाची ने-आण करणारी जी रेल्वे १९५९ च्या अखेरच्या दिवशी बंद पडली, तिच्या डोनेगॉल गावातील जुन्या स्थानकातच आज तिचे संग्रहालय असून ते स्वयंसेवकांच्या श्रमांवर तगून आहे, ही वार्ता आपल्या सरकारदरबारी अवश्य पोहोचावी. उत्पन्न तुटपुंजे असतानाही याच रेल्वेने १९३१ साली, ब्रिटिश बेटांत प्रथमच, डिझेलवर चालणारी रेलकार नियमित प्रवासी वाहतुकीस लावली. विवंचनेतून उपजलेली ही कल्पकता दप्तरातील नोंदींपेक्षा प्रत्यक्ष डबा पाहून शाळकरी मुलाला कितीतरी लवकर उमगते.

आपल्याकडेही अशी सामग्री थोडीथोडकी नाही. अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या कल्पनेतून १८९७ मध्ये धावू लागलेली अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे अरुंदमापी रेल्वेबांधणीचा आदर्श मानली गेली. तिचा मार्ग आता रुंद झाला, आणि ते योग्यच झाले. परंतु बार्शीच्या मार्गावर काय, विदर्भातील ‘शकुंतला’ या अरुंदमापी रेल्वेच्या मार्गावर काय, ज्या जुन्या वास्तू निरुपयोगी ठरल्या असतील त्या लिलावात काढण्यापूर्वी नाममात्र भाडेपट्ट्याने गावच्या मंडळींच्या हवाली करण्याचा हुकूम रेल्वे खात्याने काढावा, असे मी आग्रहाने म्हणतो. आणि तोही विनाविलंब, कारण त्या गाड्या हाकणारे, सांधे बदलणारे निवृत्त कर्मचारी आज वार्धक्यात आहेत, आणि त्यांच्या हातांचे ज्ञान कोणत्याही फायलीत उतरलेले नाही.